सोलापूरचा भुईकोट: दोन तासांत, गुडघे दुखणाऱ्या आईसोबत बघण्यासारखा आहे का?

पार्कचौकातली_लेक:
मंडळी, माहेर सोलापूर, आता पुण्यात. पुढच्या शनिवारी आईला घेऊन दोन दिवस गावी येतेय. सोबत अकरा वर्षांचा लेक. त्याला किल्ल्यांचं वेड लागलंय. रायगड, सिंहगड, लोहगड झाले आणि आता "तुझ्या गावात किल्ला आहे आणि तू मला दाखवला नाहीस?" म्हणून माझी रोज उलटतपासणी चालू आहे.

खरं सांगायचं तर मीच आत एकदा गेलेय, चौथीच्या सहलीला. डबा खाल्ला एवढंच आठवतंय. आई तर साठ वर्षं सोलापुरात राहिली, सिद्धेश्वराच्या देवळात हजार वेळा गेली, किल्ल्यात लग्नानंतर एकदाही नाही. आता तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात.

तर विचारायचं असं: आत चढउतार किती? सकाळी जावं की संध्याकाळी? आणि मुख्य म्हणजे बघण्यासारखं काय उरलंय?

बे_सोलापुरी:
काही नाही तिथं. गवत, जोडपी, आणि एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसलेली पोरं. पोराला नळदुर्ग दाखवा, तासाभराचा रस्ता. पाणी महाल बघून खूश होईल. आपला किल्ला म्हणजे बाहेरून रिक्षातून बघायचा.

कडकभाकरी:
का बे, तू आत कधी गेलतास? की तूपण रिक्षातूनच बघूलालास?

बे_सोलापुरी:
२०११ ला. ते पण पाऊस आला म्हणून.

विजापूरवेस_काका:
लेकी, नळदुर्ग नक्की दाखव, पण आपल्या किल्ल्याच्या बदली नको. मी ४० वर्षं पंचकट्ट्याजवळ राहतोय आणि आठवड्यातून तीनदा तरी किल्ल्यात फिरायला जातो. त्यामुळं जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घे.

आधी आईच्या गुडघ्यांचं. भुईकोट म्हणजे सपाट जागेवरचा किल्ला, डोंगर चढायचा नाही. दरवाज्यातून आत शिरताना फरसबंदी उंचसखल आहे, तिथं हात धरायचा. आतला भाग बागेसारखा. तटावर जायला दगडी पायऱ्या आहेत, त्या उंच आहेत, एकेक पायरी साध्या जिन्याच्या दीडपट. आईला जमलं तर एकाच ठिकाणी चढवा, तळ्याच्या बाजूला. बाकी तट पोरानं पळत बघावा. पण काठावर जाऊ देऊ नका, सगळीकडं कठडा नाही.

वेळ: सकाळी उघडल्या उघडल्या. आता फेब्रुवारी आहे म्हणून दहापर्यंत चालेल. एप्रिल-मे असता तर "येऊच नका" म्हणालो असतो. पारा चाळिशी ओलांडतो आणि तो काळा दगड रात्रीपर्यंत तापलेला राहतो.

तिकीट आहे, माणशी पंचवीस रुपये रोख, ऑनलाइन काढलं तर वीस. पंधरा वर्षांखालच्यांना नाही. पोराला फुकट.

आता बघायचं काय. शिरताना थांबा. लोक दरवाज्यातून थेट आत पळतात आणि मग "काही नाही" म्हणतात (बे_सोलापुरी, तुला नाही म्हणालो). या किल्ल्याला तट दोन आहेत, एकात एक. बाहेरचा बुटका, आतला त्याच्याहून उंच. शत्रू बाहेरच्या तटावर आला तरी आतल्या तटावरचे लोक त्याच्या डोक्यावर. दोन तटांमधली जी अरुंद वाट आहे ना, तिथं दहा पावलं चाला. पार्क चौकातला हॉर्नचा गोंगाट तिथं एकदम बसतो. शहराच्या मधोमध एवढी शांत जागा दुसरी मला माहीत नाही. तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला खंदकाऐवजी सिद्धेश्वराचं तळं. देवाचं तळंच यांनी तटबंदीला जुंपलं.

तिथंच भिंतीकडं निरखून बघा. बराचसा दगड साधा घडीव आहे, पण मध्येच एखादा नक्षीचा येतो. आमच्या फिरण्याच्या वाटेवर एक आहे, कमळाच्या पाकळ्या कोरलेला, आडवा बसवलाय. कधीतरी तो खांबाचा नाहीतर छताचा भाग असणार. गवंड्याला दगड हवा होता, तो त्यानं वापरला. पाकळ्यांच्या खाचांत चुना भरलाय.

यंत्रमाग:
काका, किल्ला नक्की कुणाचा? आम्हाला शाळेत बहामनी सांगितला, शेजारचे म्हणतात आदिलशाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज नवा राजा बांधतो.

विजापूरवेस_काका:
दोन्ही बरोबर. बहामनी काळात उभा राहिला, पुढं आदिलशाहीत वाढला, दुरुस्त झाला. आणि आत त्याच्याही आधीच्या मंदिराचे अवशेष आहेत, कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं म्हणतात ते. सिद्धरामेश्वर, म्हणजे आपले सिद्धेश्वर, १२ व्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, आणि त्यांची वचनं कन्नडमध्ये. तेव्हा या गावाचं नाव सोन्नलगी. "सोळा गावं मिळून सोलापूर" हे आपण पाहुण्यांना सांगतो खरं, पण जुन्या लेखांत नाव सोन्नलगीच येतं.

बत्तीस खांबी म्हणतात ती वास्तूही आत आहे. खांब देवळाचे, वापर पुढं मशिदीसारखा. पोरानं विचारलं तर जे दिसतं तेच सांग. एकाच जागेवर थरावर थर आहेत.

भुसारगल्ली_७:
यात हुंड्याची गोष्ट राहिली की! पोरांना हीच सांगायची असते.

सोलापूर अगदी सीमेवर. इकडं विजापूरचा आदिलशहा, तिकडं अहमदनगरचा निजामशहा. इस्माइल आदिलशहाच्या बहिणीचं लग्न बुऱ्हाण निजामशहाशी ठरलं, १५२३-२४ च्या सुमारास. हुंड्यात सोलापूर द्यायचं कबूल झालं. लग्न लागलं, किल्ला काही दिला नाही. मग काय, पुढची चाळीसएक वर्षं दोन्ही घराणी या एका किल्ल्यावरून भांडत राहिली. शेवटी बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशहा याची लेक चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि त्या लग्नात सोलापूर हुंडा म्हणून विजापूरला आलं. त्या सोयरिकीवर दोघं एकत्र आले आणि १५६५ ला तालीकोटची लढाई झाली, विजयनगर पडलं.

म्हणजे एकदा हुंडा बुडवला म्हणून भांडण, आणि एकदा हुंडा दिला म्हणून तह. आमच्या आत्याच्या लग्नात फक्त स्कूटरवरून झालं होतं.

कडकभाकरी:
मग १६६८ च्या तहात किल्ला मोगलांकडं. विजापूर घ्यायच्या आधी औरंगजेब सोलापुरात तळ देऊन होता, १६८५-८६. आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं पेशव्यांकडून घेतला. मे महिन्यात! सोलापूरच्या उन्हात लढले म्हणजे दोन्ही बाजूंना मानलं पाहिजे.

बे_सोलापुरी:
एवढं सगळं तिथं फलकावर का लिहीत नाहीत मग? निळ्या पाटीवर काय, तर नासधूस केली तर दोन वर्षं कैद नाहीतर एक लाख दंड. त्याच्या शेजारच्या भिंतीवर बदाम आणि दोन नावं.

विजापूरवेस_काका:
हे मात्र तुझं शंभर टक्के खरं. माहिती कमी आहे. म्हणूनच घरातून गोष्ट घेऊन जायची.

तटाखालचा:
माझी वेगळीच बाजू आहे. धाग्याला थोडा फाटा फुटेल, माफ करा.

आमचं घर किल्ल्याला अगदी लागून, आजोबांच्या काळातलं. तुम्ही सगळे राष्ट्रीय स्मारक म्हणता, आम्ही त्याच्या १०० मीटरच्या आत राहतो. २०१० ला कायदा बदलला तसं संरक्षित वास्तूपासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढं आणखी २०० मीटर नियंत्रित. आतल्या १०० मध्ये नवं बांधकाम नाहीच, दुरुस्तीला परवानगी. बाहेरच्या २०० मध्ये बांधता येतं, पण ना हरकत घेऊन.

कायदा चुकीचा म्हणत नाही मी. हा नसता तर खंदकात आतापर्यंत तीन मंगल कार्यालयं झाली असती. पण मागच्या पावसाळ्यात आमचं माळवद गळायला लागलं. माळवद म्हणजे मातीचं छत, लाकडी तुळयांवर. आईच्या खाटेवर पातेलं ठेवून झोपायची वेळ आली. दुरुस्तीसाठी अर्ज केला. फोटो द्या, नकाशा द्या, अंतर मोजून द्या, तो कागद इथं नाही तिथं. एका कार्यालयातल्या बाबूनं तर विचारलं, "किल्ला नक्की कुठाय?" त्याच्या खिडकीतून बुरूज दिसत होता. मी बोटानं दाखवला.

परवानगी मिळाली शेवटी. पावसाळा संपल्यावर.

यंत्रमाग:
आयुष्य आहे बाबा. अंतर मोजतात कुठनं? तटापासून की खंदकापासून?

तटाखालचा:
संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या हद्दीपासून. म्हणून स्वतः टेप लावून शहाणपणा करू नये, मी केला होता. तुझं घर तिकडं आहे का?

यंत्रमाग:
मावशीचं. पत्रे बदलायचेत.

तटाखालचा:
आत्ता अर्ज करा. पावसाची वाट बघू नका. जुन्या घराचे आज फोटो काढून ठेवा, चारी बाजूंनी. आणि जे आहे तेवढंच दुरुस्त करतोय, मजला वाढवत नाही, हे अर्जात स्वच्छ लिहा.

अक्कलकोटरोड:
मूळ मुद्द्यावर येऊ या का? ताई, गाडी घेऊन किल्ल्यापाशी जाऊ नका. शनिवारी नवी पेठेत खरेदीची गर्दी, त्यात पार्क चौकात चारही बाजूंनी एकाच वेळी सगळ्यांना जायचं असतं. घरी गाडी ठेवा, रिक्षा करा. आणि रिक्षावाल्याला "किल्ला" एवढंच सांगू नका, "किल्ल्याचं तिकीट मिळतं तिथं, पार्क चौकाच्या अंगानं" असं सांगा. नाहीतर देवळाच्या बाजूला सोडतो आणि म्हणतो, "हा काय समोरच." समोर असतो, मध्ये तळं असतं.

पार्कचौकातली_लेक:
बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी! काका, विशेष धन्यवाद. आईला वाचून दाखवलं. हुंड्याच्या गोष्टीवर ती म्हणाली, "बघ, राजे असले तरी आपल्यासारखेच."

अजून एक. किल्ला झाल्यावर जवळच पोराला दाखवावं असं काय? देऊळ तर आहेच.

भुसारगल्ली_७:
चार पुतळा, म्हणजे चार हुतात्म्यांचे पुतळे. चालत जाण्यासारखं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, ९ ते ११ मे असे तीन दिवस शहरावर इंग्रजांचा अंमल नव्हता. मग मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्याला फाशी दिली.

पोराला सांगा, पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस यांच्या नावाची. त्या गाडीनं निम्मं सोलापूर नोकरीला जातं.

कडकभाकरी:
नशीब गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत येत नाही. जानेवारीत होम मैदानावर पाळणे, नंदीध्वजांची मिरवणूक, सगळा परिसर माणसांनी फुललेला. गड्डा बघायला या, पण त्या दिवशी किल्ला बघायचा हट्ट नको. भोगीच्या अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न) संमती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नसते.

वेळ उरला तर भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक, चीनमध्ये जखमींची सेवा केली ते. लांब नाही.

बे_सोलापुरी:
आणि शेंगा चटणी घेतल्याशिवाय गाव सोडलंत तर धागा डिलीट करायला लावीन.

पार्कचौकातली_लेक:
रविवार रात्र. जाऊन आलो. वृत्तांत लिहिते, नाहीतर काका रागावतील.

शनिवारी सकाळी निघालो. रिक्षावाल्याला अक्कलकोटरोड यांनी सांगितलं तसं पाठ करून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि सोडलं देवळाच्या बाजूला. "हा काय समोरच." शब्दन् शब्द. आई म्हणाली, आलोच आहोत तर आधी दर्शन घेऊ. घेतलं. मग दुसरी रिक्षा.

तिकिटाच्या खिडकीशी पोहोचले आणि कळलं की पाकिटात दोन हजाराच्या नाही, पण पाचशेच्याच नोटा. सुटे नाहीत. मोबाइल आईच्या पिशवीत, चार्जिंग चार टक्के. चूक माझीच. मागे उभ्या असलेल्या एका पुस्तकवाल्या मुलानं पन्नास रुपये काढून दिले आणि "नंतर द्या काकू" म्हणाला. (बे_सोलापुरी, ही तुमची एमपीएससीची पोरं. आणि "काकू" ऐकून बसलेला धक्का वेगळाच.)

दरवाज्यात लेकाचा पहिला प्रश्न, "डोंगर कुठंय?" भुईकोट काय ते मी आधी सांगितलं होतं, पण ते ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. दहा मिनिटं तोंड वाकडं. मग काकांनी सांगितलेल्या दोन तटांच्या मधल्या वाटेनं आम्ही चालायला लागलो, तसा तो गप्प झाला. मला वाटलं कंटाळला. तर म्हणतो, "आई, इथं जो अडकेल तो दोन्ही बाजूंनी मरेल." त्याला समजावून सांगायची गरजच पडली नाही. पुढचा अर्धा तास मी शत्रू होते.

काका, तुमचा कमळाचा दगड सापडला! निदान एक तरी सापडला, तुमचाच की नाही माहीत नाही. आम्हाला दिसला तो गुडघ्याएवढ्या उंचीवर होता, तीन पाकळ्या पूर्ण आणि चौथी अर्धी, बाकीची दुसऱ्या दगडाखाली गेलेली. खाचेत चुना होता आणि त्या चुन्यावर मुंग्यांची रांग. लेकानं बोट फिरवून बघितलं. मी ओरडणार होते, आईनंच डोळ्यांनी थांबवलं.

बत्तीस खांबीपाशी त्यानं खांब मोजले. दोनदा. दोन्ही वेळा वेगळे आकडे आले, त्यावरून आम्हा दोघांत भांडण झालं.

आता आईचं. पायऱ्या बघून ती म्हणाली, तुम्ही जा, मी बसते झाडाखाली. आम्ही चढलो. वरून बघते तर ही बाई पायऱ्यांवर. एका हातानं भिंत, एका हातात चप्पल. धावत खाली गेले, तर मला म्हणाली, "हात नको, मागं थांब फक्त." सात-आठ मिनिटं लागली तिला.

वर तळ्याच्या बाजूला आलो. समोर पाणी, पाण्यात देऊळ, वारा होता म्हणून पाण्यात शिखर हलत होतं. आई काहीच बोलेना. मग म्हणाली, "अगं, मी रोज तिथं बसून इकडं बघायचे. तुझे बाबा आजारी होते तेव्हा तर दोन्ही वेळ. हा बुरूज समोर असायचा. इथनं ती जागा दिसते हे मला माहीतच नव्हतं." मग तिनं बोटानं दाखवलं, कोणत्या पायरीवर बसायची ते. लेकाला दिसली म्हणे. मला नाही दिसली, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

उतरताना मात्र हात दिला तिनं.

पुस्तकवाल्याचे पन्नास रुपये शोधून परत केले. कोपऱ्यातल्या बुरुजाच्या सावलीत दहाजण बसले होते, एकजण मोठ्यानं राज्यघटनेची कलमं म्हणत होता.

चार पुतळ्याला गेलो, लेकानं चारही नावं वाचली. परतीच्या गाडीत आजीला विचारत होता की हुतात्मा एक्सप्रेसला चारच डबे का नाहीत.

विजापूरवेस_काका:
लेकी, आईंना माझा नमस्कार सांग. कुठली पायरी? पुढच्या वेळी तटावर गेलो की बघतो.

तटाखालचा:
चप्पल हातात घेऊन चढल्या हे वाचून आमच्या आईला दाखवलं. ती म्हणाली, आपणपण जाऊ. घरापासून तीन मिनिटांवर, सत्तर वर्षांत गेली नाही.

बे_सोलापुरी:
बरं बरं, मीपण जातो उद्या. सकाळी किती वाजता उघडतो?

कडकभाकरी:
पाटी वाच बे, गेलास की. ताई, चटणी घेतली का?

पार्कचौकातली_लेक:
दोन किलो. आणि कडक भाकरीचा पुडा. गाडीत भिगवणपर्यंत निम्मा संपला.